मार्लीसचा जास्तीचा वेळ

ओहायोतल्या त्या शाळेत बाकीच्यांचा पेपर सुटला, पण मार्लीसला दीडपट वेळ होता. तिचं लक्ष टिकत नाही, असं डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं.

"बसा निवांत, राणीसाहेब!" पोरं जाता जाता ओरडली.

देखरेखीला थांबलेल्या हॉगनबाईंनी तिच्या कानांवर आवाज अडवणारी जाड झापडं चढवली, दारावर 'परीक्षा चालू, आत येऊ नये' अशी पाटी लावली. "कशाकडेही बघायचं नाही हं, बाळा. मी आलेच," म्हणत त्या कॉफी आणायला गेल्या.

थोड्या वेळाने छताजवळचा आगीचा इशारा देणारा दिवा लुकलुकू लागला. आग लागल्यावर बाहेर पडायचा सराव असेल, मार्लीसला वाटलं. परीक्षेच्या मुलांना त्यातून सूट असते. मग जळका वास आला.

'झालं तुझं सुरू! मेले, पेपरात बघ,' तिने स्वतःलाच दटावलं.

दाराच्या काचेपलीकडे कुणीतरी धावत आलं, पाटीपाशी थबकलं आणि तसंच पुढे पळालं. मार्लीसने मान वरसुद्धा केली नाही. दाराखालून धूर आत सरकत होता. आज पहिल्यांदाच तिचं लक्ष जराही ढळलं नव्हतं, आणि वेळ तर अजून भरपूर होता.