ओंडक्याखालची अंडी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की डोंगरावरच्या रानटी टर्की पक्ष्यांचे नर पुन्हा ओरडू लागतात. त्याआधी त्यांच्याभोवती माद्यांचा गोतावळा असतो. मग माद्या एकेक करून अंड्यांवर बसतात, नर एकटे पडतात आणि कुठल्याही आवाजाला भुलतात. वेंडेल बेक्टेलला शिकारीच्या हंगामाचे हे शेवटचे दिवसच आवडत. "बायका माहेरी गेलेले नवरे," तो म्हणे. "नुसतं खोकलं तरी धावत येतात."

हाक मारण्याचं काम त्याच्या मुलीचं. तळहातावर मावेल एवढी दगडी पाटी आणि लाकडाची काडी. काडी नेमक्या दाबाने घासली की मादीचा आवाज निघतो. अर्लीन दहा वर्षांची असताना त्यानेच तिला ते शिकवलं होतं. आता ती चौपन्नची होती आणि तो एकोणऐंशीचा. मधल्या काळातली चोवीस वर्षं तिने वन्यजीव खात्यात टर्कीची घरटी शोधून अंडी मोजण्यात घालवली होती. त्यावरून तो तिला अंडीमास्तरीण म्हणत असे.

शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास दोघं ओकच्या रानात बसली होती. वेंडेल एका बुंध्याला टेकून, बंदूक गुडघ्यावर. अर्लीन त्याच्या मागे दहा पावलांवर. पानं दाट झाली होती, तीस पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. समोरच्या उतारावरून एक नर तिच्या प्रत्येक हाकेला उत्तर देत होता, पण जागचा हलत नव्हता.

मग उजवीकडच्या नेच्यांतून एक मान वर आली. बारीक, निळसर राखाडी मान. नराचं डोकं या दिवसांत लालभडक असतं. अर्लीनने काडी पाटीवरून उचलली आणि "मादी आहे" म्हणायला तोंड उघडलं, तोवर बार झाला होता.

"मिळाला!" वेंडेल गुडघ्यावर हात रेटत उठला. "बघितलंस? एका गोळीत. म्हातारा झालाय म्हणे!"

तो पक्ष्यापाशी जाऊन बसला. आधी त्याने डोक्यावरून हात फिरवला, आणि तो हात क्षणभर थांबला. मग तो छातीवर आला, पिसांत चाचपडला आणि एका राठ केसांच्या झुबक्यावर स्थिरावला.

"बाबा, मादी आहे ती."

"ते काय मला कळत नाही? दाढीवाली मादी आहे. ही बघ दाढी, चांगली चार बोटं." त्याने झुबका ओढून दाखवला. "नियम काय सांगतो? दाढी असलेला पक्षी मारावा. नर की मादी, हे कुठे लिहिलंय?"

ते खरं होतं. नराच्या छातीवर असते तशी दाढी शंभरातल्या काही माद्यांनाही असते आणि त्या मारायला बंदी नाही. खात्याच्या कागदावर यात काहीच चुकलेलं नव्हतं.

"दाढी तुम्हाला आधी दिसली होती?"

"दिसल्याशिवाय चाप ओढतो का मी? साठ वर्षं मारतोय, बाई."

अर्लीन पक्षी पडला तिथे जाऊन उभी राहिली. नेचे तिच्या कमरेला लागत होते. त्यांच्यावर फक्त मान होती. छाती दिसणं शक्यच नव्हतं. तिने मादीला उताणं केलं आणि पोटावरची पिसं बाजूला सारली. आतली कातडी उघडी, जाड आणि अजून गरम होती.

"ही खुडूक होती, बाबा. अंड्यांवर बसलेली. चारा खायला थोडा वेळ उठली असणार."

"अरेरे," वेंडेल म्हणाला, आणि ते अगदी मनापासून होतं. मग म्हणाला, "उद्या गॉर्डीला दाखवतो. त्याने जन्मात मारली नसेल दाढीवाली."

उद्या गॉर्डी येणार होता, आणि तिला कामावर जायचं होतं. गॉर्डी झिमरमन हा वडिलांचा चाळीस वर्षांचा दोस्त. झाडपाल्याच्या रंगाचे कपडे, तोंडावर जाळी, आणि दुसऱ्या शिकाऱ्यांना दिसावं म्हणून नारिंगी टोपी घाला म्हटलं की "टर्कीला रंग दिसतात, तुला माहीत नाही?" असं तिलाच ऐकवणारा. त्याची रीत म्हणजे झुडपांतून रांगत, मादीचा आवाज काढत नराकडे सरकायचं. उद्या तो याच नेच्यांतून रांगत येणार होता आणि वडील याच बुंध्याला टेकून बसणार होते.

डिसेंबरात भाऊ ड्वेन फोनवर म्हणाला होता, "त्यांची बंदूक काढून घे." ती म्हणाली होती, "तू ये आणि घे. लांबून हुकूम सोडायला काय जातंय?" डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला वेंडेल तयार नव्हता. "हातातल्या घड्याळात वेळ दिसते, बास झालं," तो म्हणे.

"घरटं शोधू या," अर्लीन म्हणाली.

"शोधून काय उपयोग? तूच म्हणतेस ना, अंड्याला हात लावायचा नाही."

"तरी शोधू या."

दीड तास ती उतारावर आडवी-उभी फिरली. द्राक्षवेलींची जाळी, पडलेल्या फांद्यांचे ढीग, रानगुलाबाची झुडपं, सगळं तिने वाकून पाहिलं. वेंडेल मागून काठी टेकत येत होता. त्याची बंदूक आता तिच्या खांद्याला होती आणि त्याबद्दल तो काही बोलला नव्हता. घरटं सापडत नव्हतं. ते सापडणार नाही हे तिला ठाऊक होतं. खात्यात असताना पाठीवर माग काढायचं रेडिओयंत्र लावलेल्या मादीचं घरटंसुद्धा चार हातांवरून नजरेतून सुटायचं.

एका आडव्या पडलेल्या ओंडक्यापाशी ती थांबली. खाली मागच्या वर्षीची कोरडी पानं होती. फक्त पानं. तिने त्यांत हात घालून खात्री केली. उन्हाचा एक कवडसा नेमका त्यांच्यावर पडला होता.

"बाबा, इथे या," तिने हाक मारली. "हे बघा."

तो आला, ओंडक्यावर हात ठेवून वाकला.

"दिसतात?" तिने विचारलं.

वेंडेलने पानांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हो तर," तो हळू आवाजात म्हणाला. "दहाएक असतील. काय सुरेख ठिपके आहेत."

जे जाणून घ्यायचं होतं ते तिला कळलं होतं, आणि ते कळण्याची ही रीत तिला पुढे कोणालाच सांगता येणार नव्हती.

"चला," ती म्हणाली.

"झाकून ठेव त्यांना पानांनी. गार होतील."

तिने वाकून पानं सारखी केली. तो पाहत होता म्हणून केली.

पिकअपपर्यंतची वाट उताराची होती. एरवी तो वाटभर बडबडायचा. आज फक्त त्याची काठी वाजत होती. मादीला मागे ठेवून अर्लीनने बंदुकीतल्या गोळ्या काढल्या, आणि तो बाजूच्या सीटवर बसून तो आवाज ऐकत राहिला. ती गाडीत बसली तेव्हा त्याने समोर पाहतच विचारलं, "त्या ओंडक्याखाली किती अंडी होती?"

तिने किल्ली फिरवली नाही. "एकही नव्हतं."

"हं."

त्याने काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली.

"पाटी घासून नराला फसवतेस, तसंच बापालाही," तो म्हणाला. "हात चांगला आहे तुझा. मीच शिकवलाय, दोष कोणाला देऊ?"

"बाबा, उद्या गॉर्डीकाका त्याच नेच्यांतून रांगत येणार आहेत."

"माहीत आहे मला, कोण कुठून येणार आहे ते!" तो एकदम ओरडला. मग त्याचा आवाज उतरला. "काहीतरी हललं. मला वाटलं लाल आहे. लाल असणारच, असं वाटलं."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला, तसा त्याने आपला हात काढून घेतला. खिशातून जुना मोठ्या बटणांचा फोन काढला आणि न पाहता, अंगठ्याने चाचपत आकडे दाबले.

"गॉर्डी? अरे, झोपला होतास की काय आळश्या? ऐक. उद्या बंदूक तू धर. हो, तू. मी पाटी घासतो. का म्हणजे? तुझ्या पाटीचा आवाज ऐकून नर दुसऱ्या तालुक्यात पळतात म्हणून." पलीकडून गॉर्डी काहीतरी बोलत राहिला. वेंडेल हसला नाही. "आणि टोपी घालून ये. नारिंगी. घालायची म्हणजे घालायची, नाहीतर येऊ नकोस."

फोन मिटून त्याने मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "किती वेळ तग धरतात अंडी? आईशिवाय."

"ऊन असेपर्यंत," अर्लीन म्हणाली. "रात्री नाही."

वर डोंगरात तो नर अजून ओरडत होता. वेंडेलने काच वर केली.

"चल, गाडी काढ," तो म्हणाला.