पृथ्वीराजजींचे दाट केस

खरं लिहिणं ही माझी जुनी खोड. शाळेत 'माझे वडील' हा निबंध मी 'माझे वडील घोरतात' इथून सुरू केला होता. बाबांनी वही बघितली आणि आठवडाभर अबोला धरला. त्याच खोडीपायी या वर्षी जयपुरात ईश्वरीची नोकरी जायची वेळ आली.

मी सांगलीची, ती अमरावतीची. जयपूरच्या सीतापुरा भागातल्या एका कंपनीत आमची टेबलं शेजारी. ईश्वरी जन्मापासून अंध. एखादी वेबसाइट न बघता वापरता येते का, हे तपासणं तिचं काम. सहा महिन्यांची कच्ची नेमणूक संपत आली होती. हातातलं शेवटचं काम पार पडलं तर कायम, नाहीतर परत अमरावतीला. तिथं काकांनी तिच्यासाठी पीसीओची जागा हेरून ठेवली होती. पीसीओ जगातून उठले, हे काकांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

शेवटचं काम म्हणजे जयपूरजवळच्या बगरू गावातल्या पृथ्वीराजजींची साइट. ठशांनी छापलेल्या चादरी. परदेशी गिऱ्हाइकाची अट अशी, की साइट अंधांनाही वापरता यावी आणि तसं अंध तपासनिसानं सही करून द्यावं. साइटची पानं सदतीस आणि प्रत्येक पानावर पृथ्वीराजजींचा फोटो. ते पुढं, चादर मागं.

अशा साइटवर प्रत्येक फोटोच्या मागं एक वर्णन दडवून ठेवायचं असतं. डोळसांना ते दिसत नाही, पण अंध माणसाच्या फोनमधली बाई ते वाचून दाखवते. ती वर्णनं लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी सरळ हिंदीत लिहून टाकलं: चादरीसमोर एक ठेंगणे गृहस्थ उभे आहेत, टक्कल आहे, चेहरा रागीट आहे. सदतीस वेळा, थोड्याफार फरकानं.

आमचा मॅनेजर स्वप्नील हौशी. त्यानं न वाचताच पृथ्वीराजजींसमोर फोनचा आवाज पूर्ण वाढवला. बाईनं टक्कलासकट सगळं ठणठणीत वाचलं.

"ये सब सुनते हैं?" पृथ्वीराजजींनी विचारलं.

"जी, पूरी दुनिया में," स्वप्नील म्हणाला. त्याला वाटलं, कौतुकच चाललंय.

पृथ्वीराजजींनी डोक्यावरून हात फिरवला. "बाल लिखिए," ते म्हणाले. "घने."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, उंची सहा फूट करा. तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर स्मित आलं. चौथ्या दिवशी मागं घोडा. फोटोत घोडा नाही म्हटलं, तर म्हणाले, अंधांना काय कळतंय. आठवड्याच्या शेवटी एक फोटो ऐकून संपायला चार मिनिटं लागायला लागली. ईश्वरीनं दोषांच्या यादीत लिहिलं: 'चादर घ्यायला आले होते. अजून घोड्यापाशीच आहे.'

"मतलब, तू फक्त सही कर ना," स्वप्नील तिला म्हणाला. "वर्णन फोटोला धरून आहे, एवढंच तर लिहायचंय."

"मले दिसत नाही म्हून माही सही पायजे," ईश्वरी म्हणाली, "आन् दिसल्यासारखी सही कर म्हणता?"

"मग काय करायचं?"

"हातानं तपासतो. मानूस कुठं पळून चालला का?"

स्वप्नील हसला. ती हसत नाही हे बघून पाणी प्यायला. बगरूला फोन केला, तर पृथ्वीराजजी खुशाल हो म्हणाले. इतके दिवस स्वतःचं वर्णन ऐकून ऐकून त्यांचा त्यावर विश्वास बसला असावा.

शनिवारी आम्ही गेलो. पृथ्वीराजजी डोक्याला साफा बांधून स्टुलावर उभे होते. शेजारी वरातीची घोडी, झुलीसकट. ईश्वरीनं घोडीच्या मानेवर हात फिरवला आणि मला म्हणाली, "लिही. घोडा आहे. घोडी आहे, पन चालंल." मग काठीनं त्यांच्या पायाखाली टकटक केलं. "उंची, स्टूल धरून, सहा फूट." मग साफा चाचपला. "केस सुती. आठ-नऊ मीटर."

घोडीवाला तोंड फिरवून खांदे हलवत होता. पृथ्वीराजजींचे कान लाल झाले. आता ही पीसीओत बसणार आणि मीच तिला बसवणार, असं वाटून मला रडू यायला लागलं. मुळात मी ते टक्कल लिहिलंच नसतं तर.

"हाथ दीजिए जी," ईश्वरी म्हणाली.

त्यांनी उजवा हात दिला. तळव्याच्या कडेला तिची बोटं थांबली. तिथं मोठा घट्टा होता, बाभळीच्या गाठीसारखा टणक. "ये क्या है?"

"ठप्पा ठोकते हैं इससे," ते म्हणाले. "चालीस साल ठोका है."

"ये किसी फोटो में नहीं है."

पृथ्वीराजजींनी स्वतःचा तळवा वळवून बघितला. मग स्टुलावरून उतरले. "फोटोवाले ने हाथ पीछे रखवाए थे," ते म्हणाले. "नील के दाग थे."

मला एकदम त्यांची माया आली. सदतीस वेळा मी त्यांचं टक्कल बघितलं होतं. हात कुठं गेले, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"लिखिए," ते माझ्याकडं वळून म्हणाले. "पृथ्वीराज. कद छोटा. बाल नहीं. हाथ पीछे हैं, क्योंकि नीले हैं."

"आणि घोडा?" घाईत मी मराठीतच विचारलं.

त्यांना कळलं. "घोडी रहने दीजिए. अब तो सचमुच है."

ईश्वरीनं तिथंच सही केली.

सोमवारी तिचं नेमणूकपत्र मेलवर आलं. ऑफिसनं ते छापून, सही-शिक्का मारून, त्याचा फोटो काढून पाठवलं होतं. तिनं फोन कानाला लावला. बाई म्हणाली, "चित्र." आणि गप्प झाली. ईश्वरीनं तीनदा ऐकलं. तिचा चेहरा उतरला.

"मिताली, तू वाच. आहे तेच वाच."

मी वाचलं. कायम केलं होतं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग तिनं डोळे पुसले, कीबोर्ड ओढला आणि कायम कर्मचारी म्हणून पहिला दोष नोंदवला: 'नेमणूकपत्र नापास. पत्र माझं आहे. मला वाचता येत नाही.'