आधी बाहुली, मग बाळ

सिबदूला मुलगा झाला, आणि सगळं अडलं ते तिच्या धाकट्या बहिणीपायी. आमच्याकडे पहिल्या लेकराआधी चटईवर लोहारानं कोरलेली लाकडी बाहुली निजवतात. दुधाचा पहिला थेंबही तिचाच. सिबदूनं लग्न होऊन जाताना आपली बाहुली सात वर्षांच्या कुइल्गाकडे सांभाळायला दिली होती. आणि आता कुइल्गा ती पोटाशी धरून अंगणातल्या बाजरीच्या कणगीमागे दडून बसली होती.

मी या दोघींची आत्या, गावातली सुईण. बाळ माझ्या हातात कोकलत होतं.

"दे गं इकडे ती!" मी ओरडले.

"नाही देणार."

"पोटात दुखतंय तिच्या," शेजारीण म्हणाली. "इतके दिवस हीच लाडकी होती ना!"

मलाही तसंच वाटलं. माझा आधी हात चालतो, मग डोकं. एका हातानं बाळ छातीशी धरलं आणि दुसऱ्यानं तिला दंडाला धरून ओढतच आत आणलं. मग बाहुली पाहिली. तिच्या कपाळापासून छातीपर्यंत तडा गेला होता.

"काल नाचताना पाठीवरून सुटली, आत्या. दगडावर पडली." कुइल्गाला हुंदके आवरेनात. "हिला निजवलं तर बाळालाही तसंच होईल. लोहारकाकाकडून दुसरी कोरून आण ना."

तीच भीती मलाही वाटली; मी बाळाला आणखी जवळ घेतलं.

भिंतीला टेकून बसलेल्या सिबदूनं हात पुढे केला. "आण इकडे." तिनं बाहुली पालथी करून दाखवली. मानेखाली एक खोक होती, शिया झाडाच्या बियांचं तेल चोळून चोळून गुळगुळीत झालेली. "ही माझ्या हातून पडली तेव्हाची. मी तुझ्याएवढीच होते. आईनं काय केलं असेल?"

"मारलं?"

"मला मारलं. हिला मात्र पाठीशी बांधून दिवसभर हिंडली. लेकरू पडलं तर उचलून घ्यायचं असतं गं वेडे, लपवायचं नसतं."

तिनं पहिलं दूध त्या तड्यावरच पिळलं. कुइल्गानं आपल्या हातानं बाहुली चटईवर निजवली, थोडा वेळ थोपटली, मग जागा करत तिला कडेला सरकवलं.

"ठेव आता त्याला," ती मला म्हणाली. "आणि आत्या, तो पडला तर त्याच्यावर ओरडू नकोस हं."

मी बाळाला खाली ठेवलं. आजवर एवढ्या लेकरांना ठेवलं, पण इतक्या हळू कुणालाच ठेवलं नव्हतं.