अर्धा तास बसायचं

जाईबाईंच्या दंडातून सुई बाहेर आली. दुखलं म्हणावं तर तसं काही नाही, मुंगी चावावी तेवढंच. पण औषध आत गेलं होतं, आणि ते आता काही केल्या परत निघणार नव्हतं.

"अर्धा तास बाहेर बसायचं हं, मावशी," डॉक्टर देविका म्हणाली आणि तिनं पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बाहेरच्या बाकावर लस घेतलेली चार माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. त्यांचा अर्धा तास कसा जात होता त्यांनाच ठाऊक. जाईबाई मात्र जीव मुठीत धरून भिंतीवरचं घड्याळ बघत होत्या, आणि त्या कशाला एवढ्या घाबरल्यात हे त्यांच्याशिवाय जगात कुणालाच माहीत नव्हतं.

गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. लालबागच्या याच दवाखान्यात देविकाच्या वडिलांनी, म्हणजे डॉक्टर मनमोहन तळपद्यांनी, पायावरच्या गळवासाठी जाईबाईंना एक इंजेक्शन दिलं होतं. पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळत गेला. हात असे फुगले की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन देऊन त्यांना अक्षरशः ओढून परत आणलं, आणि मग स्वतःच घामाघूम होऊन समोर बसले. यापुढे कुणीही सुई हातात घेतली की आधी हे सांगायचं, नाहीतर जिवाशी गाठ आहे, असं त्यांनी दहादा बजावलं होतं.

त्याचा कागद? कागद कुठला आलाय! अख्ख्या चाळीची दुखणी डॉक्टरांना तोंडपाठ होती, लिहून ठेवायची गरज कुणाला वाटलीच नाही. आणि कोरोनाच्या पहिल्या लाटेत डॉक्टरच गेले. आता त्यांच्या खुर्चीवर मुलगी बसते.

मग बाई सांगायचं विसरल्या की काय? छे, विसरतात कशाला! लेकीसाठी गप्प बसल्या. दीपिकाला कॅन्सर झाला होता, परळच्या हॉस्पिटलात केमो चालू होती. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हिच्या अंगात सध्या लढायची ताकद नाही, घरातल्यांनी लस घ्या नाहीतर हिच्यापासून लांब राहा. दहा बाय बाराच्या खोलीत लांब म्हणजे कुठे राहायचं? सीताराम, जाईबाईंचा नवरा, जाऊन बारा वर्षं झालेली. पोरीला उलट्या व्हायला लागल्या की पाठीवरून हात फिरवायला आईशिवाय दुसरं होतं कोण? आणि शेजारच्या गणपतच्या बायकोनं मागे एका केंद्रावर इंजेक्शनची रिअॅक्शन येते म्हणून खरं सांगितलं, तर तिला सरळ घरी पाठवलं होतं. त्याची जाईबाईंनी मनाशी खूणगाठ बांधून ठेवली.

म्हणून मघाशी देविकानं फॉर्म भरताना विचारलं, आधी कधी इंजेक्शनचा त्रास झालाय का, तेव्हा जाईबाई पटकन म्हणाल्या, "नाही." देविकानं आपल्या हातानं तसं लिहिलं.

सात मिनिटं झाली. जाईबाई दर मिनिटाला आवंढा गिळून बघत होत्या, घसा मोकळा आहे ना. ओठ दाबून बघत होत्या. मनगटातली बांगडी फिरवत होत्या, फिरतेय ना. नवव्या मिनिटाला मानेला खाज सुटली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ही घामाची खाज की ती खाज? ऑक्टोबरचा उकाडा, वरचा पंखा नुसता गरगरणारा, माणसाला घाम येणारच की. पण भीतीला कुठे कळतं ते! आपण इथे मेलो तर दीपिकाला आज संध्याकाळी पेज कोण देणार, एवढं एकच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं.

आणि मग आतून देविकाचा आवाज आला. ती कुणा म्हाताऱ्याला समजावत होती, घाबरू नका काका, मी आहे ना इथे. तो आवाज ऐकला आणि जाईबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण मेलो तर नाव कुणाचं येणार? तळपद्यांच्या पोरीनं बाई मारली, हेच म्हणणार सगळे. ज्या माणसानं आपला जीव वाचवला त्याची ही लेक! स्वतःच्या पोरीपायी दुसऱ्याची पोर फासावर द्यायला निघालो की आपण. लाज वाटली त्यांना, भीतीपेक्षाही जास्त वाटली.

त्या उठल्या आणि आत शिरल्या. म्हाताऱ्यादेखतच त्यांनी सगळं सांगून टाकलं.

देविकाचा चेहरा पांढराफटक पडला. ओरडली मात्र नाही. जाईबाईंना तिनं तपासायच्या पलंगावर आडवं केलं, कपाटातून रिअॅक्शनवरचं एक इंजेक्शन काढून भरून ठेवलं, बाहेरच्यांना थांबायला सांगितलं आणि त्यांचं मनगट धरून शेजारी बसली. नाडी मोजताना ती सारखी घड्याळाकडे बघत होती. ते जाईबाईंनी पाहिलं आणि त्यांची भीती दुप्पट झाली.

"का केलंत असं?" देविकानं विचारलं.

"सांगितलं असतं तर दिली असतीत?"

देविका खोटं बोलली नाही. "नसती दिली."

अर्धा तास होऊन गेला. देविकानं उठू दिलं नाही. पाऊण तास, मग तासही झाला. घसा मोकळा होता, गांधी उठल्या नव्हत्या. शेवटी देविकानं त्यांचं मनगट सोडलं आणि स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसला. तिनं सांगितलं की दुसरा डोस चौऱ्याऐंशी दिवसांनी असतो, पण तो इथे मिळणार नाही, असा धोका पुन्हा पत्करायची तिची छाती नाही. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना आधी विचारावं लागेल, आणि ते काय म्हणतील याची ती खात्री देऊ शकत नाही.

जाईबाई पदर सावरत खाली उतरल्या. त्यांनी मान हलवली, पण देविकाकडे बघितलं नाही.

"मावशी," देविका म्हणाली, "ते नाही म्हणाले तर तुम्ही भलत्याच केंद्रावर जाऊन पुन्हा असंच सांगणार ना?"

जाईबाईंना हिच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलवेना. "हो," त्या म्हणाल्या.

देविकानं टेबलावरचा कागद ओढून त्यावर आपला नंबर लिहिला.

"मग निघायच्या आधी मला फोन करा. मी हे इंजेक्शन बॅगेत घालून येते, तुमच्या शेजारी बसते."

तासाभरात जाईबाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ते रडू आता आलं, आणि कागद हातात धरून त्या तिथेच पलंगाच्या कडेला पुन्हा बसल्या.