रबराच्या नाड्या

पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीत दातांचे डॉक्टर दरवर्षी हौसेने उतरत. यंदा त्यांना हरवायचं होतं ते स्वतःलाच. पोहणं झकास झालं, सायकल त्याहून. आता नुसतं धावायचं होतं, आणि जुना विक्रम मोडलाच म्हणून समजा.

आदल्या दिवशी आयोजकांकडे दिलेली बुटांची पिशवी त्यांनी उघडली आणि कपाळाला हात लावला. बुटांना त्यांनी मुद्दाम रबराच्या नाड्या लावल्या होत्या. बांधायची भानगड नाही, पाय घातला की पळायचं. त्या जागी आता पांढऱ्याशुभ्र सुती नाड्या होत्या, वर दुहेरी गाठी, थेट शाळेतल्यासारख्या. हे काम आईचंच.

घामेजलेल्या बोटांना गाठी दाद देईनात. दातांनी बाटलीचं झाकणसुद्धा उघडू नका, असं पेशंटांना रोज दटावणारा हा माणूस फतकल मारून बसला आणि मनातल्या मनात आईशी कडाकडा भांडत दातांनी गाठी सोडवू लागला.

नंतर ते जीव तोडून धावले, पण विक्रम थोडक्यात हुकला. शेवटच्या रेषेपलीकडे आई पाण्याची बाटली घेऊन उभी होती.

"आई, नाड्या कशाला बदलल्यास?"

"असली ढिली रबरं लावून कोणी पळतं का?" तिने त्यांचे कोपर, गुडघे नीट न्याहाळले. "पडलास का कुठे?"

"नाही."

"मग झालं तर."

डॉक्टरांनी बाटली घेतली. झाकण तिने आधीच सैल करून ठेवलं होतं.