डावीकडे ओढणारा दिवा

हे तुम्ही मानणार नाही. मी वाघाला बिडी पाजली, हे तुम्ही मानलंत. वैनगंगेच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून मी वडशाहून सावलीच्या घाटाला लागलो, तेही मानलंत. पण आज जे सांगतो ते मानणार नाही, कारण ते खरं आहे. जिची ही गोष्ट, ती दिव्यानी तुमच्या मागेच तलावाच्या पाळीवर, बांधावर बसून थर्माकोल कापते आहे. मधे बोलायचं नाही, असं तिला बजावून ठेवलंय.

तर, गेल्या साली याच तलावाच्या पाळीवर अख्खं गाव लोटलं होतं. दिवेलागणीची वेळ. पळसाच्या पानांची मोठी पत्रावळ, तिच्यावर झेंडूचा ढीग, मधोमध तेवणारा दिवा. वारा पश्चिमेचा, आणि दिवा निघाला पश्चिमेलाच! वाऱ्याच्या तोंडावर! ना दोरी, ना काठी. बायांनी हात जोडले, माणसांनी टोप्या काढल्या, आणि आमच्या निकेशने, जो कॉलेजात विज्ञान शिकतो, चप्पल काढून हातात घेतली.

काठावर जलदीप महाराज उभे. कुणी म्हणे नागपूरचे, कुणी म्हणे रायपूरचे. "पाणी बोलते, बेटा, पाणी! माणूस झूट बोलेल, पाणी कधी झूट बोलत नाही!" महाराज गरजले. मागे त्यांचा चेला दक्षिणेसाठी मोबाइलने स्कॅन करायचा फलक धरून उभा. पाणी बोलत होतं आणि फलक ऐकत होता.

महाराज आले कशाला? तर धानाची रोवणी आटोपली आणि तलावातले मासे पोट वर करून तरंगायला लागले. वास असा सुटला की पाळीवर उभं राहवेना. "करणी झाली," कुणीतरी म्हणालं, आणि बघता बघता सगळेच म्हणायला लागले. करणी झाली म्हणजे करणारी पाहिजे. तलावाच्या टोकाला सुकरीबाई एकटी राहते. जंगलातून कंद आणते, पोटदुखीला पाला देते. लोक तिच्या झोपडीकडे बघायला लागले, पण नाव घ्यायची हिंमत कुणात नव्हती. ती हिंमत करायला महाराज बोलावले. त्या संध्याकाळी दिवा फिरल्यावर त्यांनी जाहीर केलं, "उद्या दिवा त्याच्यासमोर थांबेल, ज्याने पाणी बाटवलं. त्याले गावात थारा नाही!"

सगळं गाव दिव्याच्या ज्योतीकडे बघत होतं. एकटी दिव्यानी पत्रावळीच्या कडेकडे बघत होती. दिवा निघाला की आधी डावीकडे ओढायचा, मग अडखळून सरळ व्हायचा. दर वेळी.

आता थोडं मागे जातो. दिव्यानी नववीत. या पोरीला लढाऊ जहाजांचं वेड. इथून समुद्र कुठे आणि आपण कुठे! पण मोबाइलवर तिने रिमोटने चालणारं जहाज पाहिलं आणि ठरवलं, आपल्या तलावात विनाशिका उतरवायची. तिला शिकवलं तिच्या मामाने. प्रफुल. मूल गावी त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरीने पहिलं जहाज उंचच उंच केलं, तोफा, मनोरे, झेंडे. पाण्यात ठेवलं तसं ते आडवं झालं. "वजन खाली पाहिजे, बाई," प्रफुल हसून म्हणाला. मग सुकरीबाईने आपल्या मासे धरायच्या फाटक्या जाळ्याची शिसं काढून दिली. ती तळाशी लागली आणि जहाज सरळ उभं राहिलं. सायकलीची तार झाली जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा. ती पेनाच्या नळीत बसवली आणि नळीत ग्रीस भरलं, म्हणजे पाणी आत येत नाही. मोटर आणि रिमोट खेळण्यातल्या गाडीचे. अशा दोन गाड्या प्रफुलने आणल्या होत्या, एक हिला, एक हिच्या भावाला. स्वस्तातल्या खेळण्यांची खोड अशी की एकाचा रिमोट दाबला की दुसऱ्याचीही गाडी पळायची. घरात रोज मारामारी.

पेनाची नळी मात्र जराशी वाकडी चिकटली. म्हणून जहाज निघताना डावीकडे ओढायचं.

"मामा, हे लपवून टाकू का? वरून रंग मारते," ती म्हणाली होती.

"नाई. बिघडलं तं लपवाचं नाई, उघडून दाखवाचं. तसंच शिकते माणूस," असं प्रफुल म्हणाला होता. पोरीने ते वाक्य मनात कोरून ठेवलं. आणि महिन्याभरापूर्वी तोच प्रफुल जहाज घेऊन गेला होता. चंद्रपूरला विज्ञान प्रदर्शनात ठेवतो म्हणून.

दिवा डावीकडे ओढताना पाहिला, त्याच संध्याकाळी तिने प्रफुलला फोन लावला. मी शेजारीच होतो.

"मामा, माहं जहाज कुठी आहे?"

"चंद्रपूरले. काऊन?"

"प्रदर्शन संपलं नाई अजून?"

"वाढवलं त्यायनं. तुह्या जहाजाची लई तारीफ होऊन राह्यली."

"मामा, भजनाचा आवाज येऊन राह्यला तुह्या मागून."

फोन बंद झाला. तेच भजन आमच्या कानावरही येत होतं, महाराजांच्या मांडवातून. पोरीने डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणी नव्हतं. ती घरात गेली आणि भावाच्या गाडीचा रिमोट घेऊन बाहेर आली.

"आबाजी, उद्या माह्या बाजूले उभे राहा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाव काठाने रांगेत उभं. प्रत्येकजण दिव्याकडे बघत होता आणि मनातल्या मनात आपल्या शेजाऱ्याचं नाव घेत होता. सुकरीबाईला मुद्दाम टोकाला उभं केलेलं. हातात लुगड्याचं एक गाठोडं होतं. हाकललं तर निघता यावं म्हणून बुढीने सामान बांधूनच आणलं होतं.

काठावर लावलेल्या पडद्याआडून दिवा सुटला. डावीकडे ओढला, सरळ झाला, आणि निघाला टोकाकडे. "पाणी बोलते!" महाराज ओरडले. गर्दी पुढे सरकली. दोघा-तिघांच्या हातात काठ्या होत्या.

दिव्यानी पाण्यात घोटाभर उतरली. ओढणीखाली तिचा अंगठा हलला.

दिवा थबकला. थरथरला. गरागरा फिरायला लागला. पुढे जाऊ की मागे, काही कळेना त्याला. दोन रिमोट एका मोटरीसाठी भांडत होते, घरात भावंडं भांडायची तसे. पण पोरगी पाण्याजवळ होती आणि दुसरा रिमोट दूर मांडवात. जवळचा जिंकला. दिव्याने तोंड फिरवलं, सबंध रांगेसमोरून चालत आला आणि थेट जलदीप महाराजांच्या पायाला जाऊन टेकला.

हातातल्या काठ्या खाली आल्या.

"महाराज," मी म्हणालो, "पाणी झूट नाई बोलत ना?"

"ये... ये तो आशीर्वाद है! चरण छू रहा है!" मराठी विसरले महाराज.

"मग आणखी छूने दो!" निकेश ओरडला. दिवा मागे गेला, पुन्हा येऊन आदळला. मागे गेला, पुन्हा आदळला. पोरं हसायला लागली आणि हसू आलं की भीती पातळ होते.

"हात लावू नका, विटाळ होईल!" चेला धावला. तोवर दिव्यानीने पत्रावळ उचलून फेकली होती. झेंडूतून रिसीव्हरची तार निघाली. खाली राखाडी विनाशिका. तोफा कापून टाकलेल्या. तिने जहाज उलटं केलं आणि गावाला तळ दाखवला.

सुकरीबाई पुढे आली. वाकून बघत म्हणाली, "हे तं माह्या जाळ्याचं शिसं होय!"

जिला गावाबाहेर काढायला दिवा निघाला होता, तिच्याच शिशाने त्याला तोलून धरलं होतं.

दिव्यानी मांडवात गेली. प्रफुल शालीत बसला होता, रिमोट मांडीवर.

"तुह्यासाठीच करून राह्यलो होतो, बाई. महाराज मोठी मोटर देणार होते..."

"आणि सुकरीआजी कुठी गेली असती?"

त्याने रिमोट शालीखाली सरकवला.

"तूच सांगितलं होतं ना, मामा, लपवाचं नाई म्हणून?"

महाराज पोलिसांच्या गाडीतून गेले, फलकासकट. जहाजही पुरावा म्हणून गेलं. मासे कशाने मेले, तर शाळेच्या ललिताबाईंनी आम्हालाच विचारलं, "फवारणीचे पंप कुठे धुता?" आम्ही सगळे तलावाकडे बघायला लागलो. पाणी बाटवणारे रांगेत उभेच होते की, अख्खं गाव!

म्हणून पोरांनो, पाण्यावर काही उलटं चालताना दिसलं तर हात जोडायच्या आधी ते उचला आणि तळ बघा. दैवी असेल तर तळ बघितल्याने बिघडणार नाही. आणि तळ बघू देत नसेल, तर समजा की खाली मोटर आहे. आपला माणूस सांगत असेल तरी बघा. तेव्हा तर जास्तच बघा.

शेवटही गोड झाला हो! चौथ्या दिवशी प्रफुल आला, सुकरीबाईच्या पाया पडला, भाचीला जवळ घेऊन रडला, आणि आता दोघं मिळून हे नवं जहाज...

"खोटं आहे, आबाजी."

थर्माकोल कापणं थांबलं होतं.

"मामा आलाच नाई. फोनही उचलत नाई. हे जहाज मी एकटीच करून राह्यली." दिव्यानीने पातं पुन्हा थर्माकोलात घातलं. "वाघाले बिडी पाजा तुम्ही, मी हसते. पण हे नाई चालत."