आत्याबाईची गळाभेट

"मागं सर! दोरीच्या आत यायचं न्हाय!" बब्रुवानअण्णा ओरडले आणि समोरच्या नवरीनं, म्हणजे त्यांच्याच लेकीनं, उचललेलं पाऊल मागं घेतलं.

आमच्या गावच्या किल्ल्याचं संग्रहालय झालं, अण्णांना तिथं पहारेकऱ्याची नोकरी लागली आणि त्यांचा तोरा असा वाढला की जुना किल्लेदारही फिका पडावा. किल्ल्यातल्या मोठ्या तोफेला गाव आत्याबाई म्हणतं. माहेर सोडून कधीच न गेलेली गावातली ही एकच बाई. म्हणून सासरी निघालेली पोर आधी तिच्या गळ्यात पडून रडायची, मगच जीपमध्ये बसायची. संग्रहालय झाल्यावर तोफेभोवती दोरी आली, 'हात लावू नये' अशी पाटी आली आणि अण्णांनी एकाही पोरीला आत सोडलं नाही. बंडप्पांची नात तर बाहेरूनच हात जोडून हमसत गेली. तेव्हाच बंडप्पा म्हणाले होते, "तुझ्याबी घरात लेक हाय, बब्रुवाना. बघतो की म्या."

आज हर्षालीची पाठवणी. तीच मजा बघायला अख्खं गाव किल्ल्यात लोटलं होतं. अण्णांच्या डोक्याला लग्नाचा फेटा आणि अंगात संग्रहालयाचा खाकी सदरा.

"आज तरी सोडा की," लक्ष्मीबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"गावच्या पोरी अडवल्या. आता आपली सोडली तर गावाला काय तोंड दाखवू?"

"तोंडाचं ऱ्हाऊ द्या. पोर रडल्याबिगर जायची कशी?"

बंडप्पा मिशीत हसत होते. अण्णांना इकडं आड, तिकडं विहीर झालं होतं.

हर्षालीनं नाक पुसलं. "अण्णा, आत्याबाईला हात लावायचा न्हाय ना?"

"न्हाय."

"आन तुमाला?"

आमच्याकडं बाप लेकीला पोटाशी धरत नाही. फार तर डोक्यावर हात ठेवतो आणि वाजंत्रीवाल्यांवर ओरडायला निघून जातो. अण्णा काही बोलायच्या आत हर्षालीनं दोरीवरूनच त्यांच्या गळ्याला मिठी मारली आणि मोठ्यानं रडू लागली.

हसायला आलेलो आम्ही सगळे दुसरीकडं बघू लागलो. बंडप्पांनी उपरणं डोळ्यांना लावलं. "बघतो म्हणलो व्हतो खरं," ते म्हणाले, "पर हे न्हाय बघवत."

खाली तिच्या सासरच्या, कळंबच्या वऱ्हाडाच्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. शेवटी हर्षालीच म्हणाली, "अण्णा, सोडा आता. गाडी खोळंबलीय."

अण्णा सोडेनात.